टाचणीएवढी जखम, दीडशे बारचं पाणी

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाचा प्रेशर वॉशिंगचा व्यवसाय आहे. इमारतींच्या भिंती, गोदामांच्या फरश्या, पार्किंग, ट्रक अशी धुण्याची कामं तो घेतो. एक पेट्रोल इंजिनचं मशीन आहे, एक विजेवरचं गरम पाण्याचं. हाताखाली चार मुलं. मी हिशेब, फोन आणि कामांच्या तारखा सांभाळते. मागच्या आठवड्यात एका मुलाच्या डाव्या हाताच्या तर्जनीवरून धार गेली. हातमोज्याला बारीक भोक आणि बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, बाकी काही नाही. रक्तसुद्धा धड आलं नाही. त्यानं पट्टी लावली आणि काम पुरं केलं. रात्री बोट सुजलं. दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांनी मलम आणि गोळ्या दिल्या. आता सूज थोडी उतरली आहे, पण बोट नीट वाकत नाही आणि टोक बधिर वाटतं म्हणतो. दादाचं म्हणणं, "पाणीच तर आहे, त्यानं काय होतंय!" तेव्हापासून मी कामावर चक्कर मारते, तर नको ते दिसतं. गनचा ट्रिगर प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून ठेवलेला असतो. शिडीवर चढून भिंती धुतात. पुढच्या आठवड्यात तळघरातल्या पार्किंगचं मोठं काम आहे आणि पेट्रोलचं मशीन आत उतरवणार आहेत. मी काही बोलले की "तू ऑफिसात बसतेस, तुला काय कळतं" हे ठरलेलं. मी उगाच घाबरते आहे का? आणि दादाला सांगू तरी कसं?

— काळजीत पडलेली बहीण

उत्तर : ताई, तुमचं पत्र हाती पडल्या पडल्या तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या. त्याच इथे पहिल्यांदा लिहितो, कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणाला तरी त्या लागू पडतील. त्या मुलाला आजच्या आज मोठ्या रुग्णालयात, हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. तिथे "बोटाला लागलंय" एवढंच सांगू नका. "दीडशे-दोनशे बार दाबाची पाण्याची धार बोटात शिरली आहे" असं सांगा, किती दिवस झाले ते सांगा, पाण्यात कोणतं रसायन होतं तेही सांगा. आठवडा उलटला असला तरी बधिरपणा आणि न वाकणारं बोट अंगावर काढायचं नसतं.

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. उलट तुम्ही थोड्या उशिरा घाबरलात, आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण ही जखम बघणाऱ्याला फसवते.

घरच्या नळाला फार तर दोन-चार बार दाब असतो. माणसाची कातडी भेदायला सात बारच्या आसपास दाब पुरतो. व्यवसायात वापरली जाणारी मशीन १५० ते २०० बारवर सर्रास चालतात, काही त्याच्याही वर जातात. एवढ्या दाबाची धार बोटाला लागली की सुईच्या टोकाएवढं भोक पाडून ती आत शिरते आणि आत गेल्यावर पसरते. बोटात मोकळी जागा अशी नसतेच. त्यामुळे पाणी बोट वाकवणाऱ्या दोरीसारख्या कंडरांच्या आवरणालगत सरकत थेट तळव्यापर्यंत पोचू शकतं. आत दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि आतलं मांस मरायला लागतं. शिवाय ते पाणी काही स्वच्छ नसतं. धुऊन काढलेली घाण, तेल, साबण, शेवाळ आणि त्यातले जंतू सगळं आत खोल जाऊन बसतं. बाहेरून मात्र एक ठिपका. सुरुवातीला दुखतही फारसं नाही, नुसतं बधिर वाटतं. खरी सूज आणि ठणका काही तासांनी सुरू होतो आणि तोवर माणूस कामावर परत गेलेला असतो. तुमच्या मुलाचं अगदी हेच झालं.

ग्रीस, रंग किंवा सॉल्व्हंट आत गेलं तर बोट कापावं लागण्याचा धोका फार मोठा असतो. नुसतं पाणी गेलं तर धोका त्यापेक्षा कमी. कधी कधी डॉक्टर शस्त्रक्रिया न करता औषधं देऊन देखरेखीखाली ठेवतात. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी, कामाच्या जागेवर मुकादमानं नाही. अशा जखमेत पहिले सहा तास फार मोलाचे असतात. त्या वेळात करायचं एवढंच : काम थांबवा, अंगठी काढा, हात उंच धरा, वरून स्वच्छ कापड सैल गुंडाळा आणि निघा. जखम पिळू नका, बर्फ लावू नका, घट्ट बांधू नका. शस्त्रक्रिया करावी लागू शकते, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते विचारून ठेवा.

जवळचे डॉक्टर मलम देऊन मोकळे झाले, म्हणून त्यांच्यावर रागावू नका. ही जखम रोज पाहण्यातली नाही आणि ती कशानं झाली हे नीट सांगितलं नाही तर अनुभवी माणसाच्याही नजरेतून सुटते. म्हणूनच अतिदाबाच्या पाण्यानं काम करणाऱ्या कामगारांच्या खिशात एक छोटं कार्ड ठेवायची पद्धत या धंद्यात पडली आहे. तुम्ही ऑफिसात बसून हे अर्ध्या तासात करू शकता. कार्डावर असं लिहा : "ही व्यक्ती उच्च दाबाच्या पाण्याच्या धारेनं काम करते. बाहेरून जखम लहान दिसली तरी आत खोलवर इजा आणि घाणेरड्या पाण्यातल्या जंतूंचा संसर्ग असू शकतो. कृपया तातडीनं शल्यचिकित्सकांना दाखवावं." खाली मशीनचा दाब, वापरातल्या रसायनांची नावं आणि तुमचा फोन नंबर. लॅमिनेट करून चौघांना द्या. दादालाही द्या.

हे होतं कसं तेही सांगतो, कारण पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मुलांनीही तुम्हाला सांगितलं नसेल. उजव्या हातानं ट्रिगर धरणाऱ्याची डावी तर्जनी हे या इजेचं नेहमीचं ठिकाण आहे, कारण मोकळा हात नोझलच्या, म्हणजे धार निघते त्या तोंडाच्या, जवळ जातो. नोझलमध्ये कचरा अडकला की मशीन चालू ठेवून तो बोटानं काढायला जातात. एखादी जाळी किंवा पायपुसणं एका हातात धरून दुसऱ्या हातानं त्यावर धार मारतात. पाइपातून बारीक गळती दिसली की कुठून गळतंय हे बघायला पाइपावरून हात फिरवतात. गळतीचं ते भोकसुद्धा नोझलच असतं, गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधायची. आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे काम संपल्यावर स्वतःचे चिखलाचे गमबूट धारेनं धुणं. संध्याकाळी मशीन बंद करायच्या आधी मुलं काय करतात ते एकदा बघा. रबरी बूट किंवा साधे हातमोजे या धारेपुढे टिकत नाहीत. हातमोज्याला पडलेलं भोक तुम्ही पाहिलंच आहे.

आता बांधलेल्या ट्रिगरबद्दल. ती पट्टी आजच कापून टाका, यात चर्चा नको. ट्रिगर सोडला की धार बंद झाली पाहिजे, एवढ्यासाठीच गन तशी बनवलेली असते. पाय घसरला, हात निसटला, तोल गेला की बोटं आपोआप सुटतात आणि पाणी थांबतं. ट्रिगर बांधला की हातातून निसटलेला लान्स, म्हणजे गनची पुढची लांब नळी, जमिनीवर वेडावाकडा फडफडत फिरतो आणि त्याच्या टोकाला दीडशे बारचं पाणी चालूच असतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा डोळा, मान, मांडी, काहीही त्याच्या वाटेत येऊ शकतं.

पण मुलं पट्टी का बांधतात हेही समजून घ्या. तासन्‌तास ट्रिगर दाबून बोटं आखडतात, मनगट भरून येतं. त्यात गोल फिरणारं नोझल लावलेलं असेल तर कंपनं हाताला बसत राहतात. वर्षानुवर्षं असं काम केलं की थंडीत बोटं पांढरी पडणं, मुंग्या येणं असे कायमचे त्रास मागे लागतात. म्हणजे पट्टी कापून वर रागवायचं, एवढ्यानं भागणार नाही. दुसऱ्या दिवशी नवी पट्टी येईल. त्याऐवजी अर्ध्या तासानं गन धरणारा माणूस बदला. हलक्या ट्रिगरच्या गन मिळतात, पाण्याच्या उलट्या धक्क्यानंच ट्रिगर दाबलेला राहील आणि हात सोडताच बंद होईल अशा रचनेच्याही मिळतात. हा खर्च दादानं करायचा आहे. मुलांच्या बोटांनी नाही.

आणखी एक, मशीन बंद केलं तरी पाइपात दाब अडकलेला असतो. बंद केल्यावर गन जमिनीकडे धरून ट्रिगर एकदा दाबायचा, दाब सोडायचा, मग ट्रिगर दाबला जाऊ नये म्हणून गनचा खटका लावायचा आणि त्यानंतरच नोझल बदलायचं. मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत मुकादमानं हे रोज मोठ्यानं म्हणून करवून घ्यावं.

तळघराच्या कामाबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त धास्ती वाटली. बोट गेलं तरी माणूस राहतो. तळघरात पेट्रोलचं इंजिन चालवलं तर चौघंही एकदम जाऊ शकतात.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायातली ताकद जाते. पाण्याच्या आवाजात, घामात, दमलेल्या अंगात ही लक्षणं कामाचा शीण म्हणून खपून जातात. विचार करायची शक्तीच आधी मंदावते, त्यामुळे "बाहेर जाऊ या" हे सुचेपर्यंत चालायचं त्राण राहत नाही.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं १९९६ साली लहान पेट्रोल इंजिनांबद्दल एक इशारा प्रसिद्ध केला होता. त्यातल्या घटना दादाला वाचून दाखवा. एका शेतमालकानं ११ अश्वशक्तीचं पेट्रोलवरचं प्रेशर वॉशर घेऊन गोठा धुवायला घेतला. अर्ध्या तासाच्या सुमारास तो कोसळला आणि मेला. दुसऱ्या घटनेत जमिनीखालच्या पार्किंगमध्ये, जिथे हवा खेळती नव्हती, ८ अश्वशक्तीची दोन पेट्रोल वॉशर चालवल्यावर पाच कामगारांना विषबाधेवर उपचार घ्यावे लागले. जमिनीखालचं पार्किंग, पेट्रोलचं मशीन : तुमचं पुढच्या आठवड्याचं काम हेच आहे ना? तिसऱ्या एका घटनेत शेजारची दारं उघडी होती, तरी माणूस बाहेर पडता पडता बेशुद्ध झाला. "आम्ही शटर उघडं ठेवतो", "पंखा लावतो" ही उत्तरं तुम्हाला मिळतील. ती चालणार नाहीत. इंजिन आत न्यायचंच नाही. थोडा वेळसुद्धा नाही, रॅम्पच्या तोंडाशीसुद्धा नाही, कारण वारा फिरला की धूर आत ओढला जातो.

मग काम सोडायचं का? गरज नाही. इंजिन बाहेर मोकळ्यावर, दारं-खिडक्यांपासून आणि हवा आत घेणाऱ्या झरोक्यांपासून लांब ठेवा आणि पाइप लांब घ्या. लांब पाइपात दाब थोडा पडतो, पण मोठ्या व्यासाचा पाइप घेतला की तो तोटा बराचसा भरून निघतो. किंवा विजेवरचं मशीन आत न्या. इथे मात्र एक फसगत आहे. तुमचं दुसरं मशीन विजेवरचं असलं तरी ते गरम पाण्याचं आहे, आणि अशा बहुतेक मशीनमध्ये पाणी तापवायला डिझेलचा बर्नर असतो. पंप विजेवर चालतो पण बर्नरचा धूर निघतोच. तसा बर्नर असेल तर तळघरात तो बंद ठेवून थंड पाण्यावरच काम करायचं. गरम पाणी लागणारच असेल तर तेही मशीन बाहेर. विजेचं मशीन ओल्यात चालवायचं तर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, वायरचे जोड जमिनीवर पाण्यात लोळता कामा नयेत आणि पार्किंगमधले स्विचबोर्ड, मीटरच्या पेट्या, दिवे आधी झाकून घ्यायचे.

मशीन बाहेर असलं तरी एका मुलाच्या कॉलरला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं छोटं यंत्र लावून द्या. तळघरात गाड्या येत-जात असतात, धूर त्यांचाही असतोच. नायॉशनं आठ तासांच्या कामासाठी सरासरी ३५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) ही मर्यादा सुचवली आहे आणि २०० पीपीएमच्या वर क्षणभरही जाऊ नये असं म्हटलं आहे. यंत्र वाजलं की सगळ्यांनी बाहेर यायचं. आत कुणी पडलेलं दिसलं तर मागोमाग धावत जायचं नाही, मदतीला गेलेला माणूसही तिथेच पडतो. इंजिन बंद करायचं, अग्निशमन दलाला फोन करायचा, दारं उघडायची. त्या क्षणी हे कुणाला सुचत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवायचं.

रसायनांचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण भिंती आणि ट्रक धुणाऱ्याकडे ती असणारच. शेवाळ काढायला सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. सिमेंटचे आणि गंजाचे डाग काढायला ॲसिड. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. मुद्दाम कुणी मिसळत नाही. भिंतीवर एक मारून नीट धुतलं नाही आणि वरून दुसरं मारलं, किंवा त्याच टाकीत, त्याच फवाऱ्यात दुसरं भरलं, की झालं. क्लोरीन हुंगलेल्या माणसाला तासाभरात बरं वाटलं तरी फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास नंतर काही तासांनी उद्‌भवू शकतो. तेव्हा त्याला घरी एकटं पाठवू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि ट्रकचं ॲल्युमिनियम चकचकीत करणारा जो द्रव असतो, त्याच्या डब्यावर "हायड्रोफ्लोरिक ॲसिड" किंवा "अमोनियम बायफ्लोराइड" लिहिलंय का ते स्वतः बघा. पातळ केलेला हा द्रव कातडीवर पडला तर लगेच जळजळत नाही. काही तासांनी, कधी रात्री, हाडात घुसल्यासारखी कळ येते आणि तोवर तो आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकत असतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं, ते जागेवर नसेल तर तो डबा वापरायचा नाही. माझं ऐकाल तर तो डबा परतच करा. ट्रक थोडा कमी चमकला तर चालतो.

तेलकट फरशीसाठीचं डीग्रीझर बहुधा कॉस्टिकवालं असतं आणि त्याचा एक थेंब बुबुळ जाळायला पुरतो. उडणाऱ्या खड्यासाठी साधा चष्मा चालेल असं मुलं म्हणतील, पण फवारा बाजूनं आत येतो. चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल लागतो. डोळ्यांत गेलंच तर पापण्या उघड्या धरून निदान वीस मिनिटं साध्या, मंद धारेच्या पाण्यानं धुवायचं आणि मगच रुग्णालयाकडे निघायचं. त्यासाठी स्वच्छ पाण्याचा एक कॅन वेगळा, हाताशी ठेवा. डब्यांवरची लेबलं मुलांना कळतील अशा भाषेत पुन्हा लिहून चिकटवा.

शिडीचा हिशोब सोपा आहे. गन मागे ढकलते तो जोर न्यूटनमध्ये काढायचा तर मिनिटाला जितके लिटर पाणी जातं त्याला दाबाच्या वर्गमूळानं आणि ०.२३५ नं गुणायचं. १५ लिटर आणि २०० बार धरले तर जवळजवळ ५० न्यूटन येतात. म्हणजे पाच किलोंचं वजन छातीशी येऊन मागे रेटतंय, आणि तेही ट्रिगर दाबताक्षणी अचानक. जमिनीवर पाय रोवून उभ्या माणसाला हे काही नाही. पण ओल्या पायऱ्यांच्या शिडीवर, एक हात गनला अडकलेला असताना, तोल जायला एवढं भरपूर आहे. ट्रिगर सोडला की तोच रेटा एकदम नाहीसा होतो आणि माणूस पुढे झुकतो. शिडीवरून प्रेशर वॉशिंग नकोच. लांब होणारा लान्स घेऊन जमिनीवरून धुवा, नाहीतर परांची किंवा उचलणारा पाळणा लावा. लांब लान्स घेतला की वर विजेच्या तारा आहेत का ते आधी पाहायचं, धातूचा लान्स आणि पाणी दोन्हीतून वीज उतरते. छतावरही तेच. जुने सिमेंटचे पत्रे पायाखाली फुटतात, आणि ते ॲस्बेस्टॉसचे असतील तर त्यांच्यावर दाबाची धार मारायचीच नाही. तंतू सुटून सगळीकडे पसरतात.

कानांचं थोडक्यात सांगतो : ८५ डेसिबल ही आठ तासांची मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. पेट्रोलच्या मशीनशेजारी उभं राहून बोलणं ऐकू येत नसेल तर कानात बोळे किंवा वर कान झाकणारे मफ हवेतच. पक्ष्यांची विष्ठा साचलेली जागा आणि गोठे धुताना उडणाऱ्या बारीक तुषारांतून फुप्फुसाचे आजार होतात, तिथे नाका-तोंडावर चांगला मास्क. उन्हात पाणबंद सूट घालून तासभर काम केलेल्या माणसाला सावलीत बसवून पाणी द्या. पाइपाच्या वरचं रबर जाऊन आतली तार दिसायला लागली की तो पाइप संपला. त्याला टेप गुंडाळायची नाही.

आता दादा. "तू ऑफिसात बसतेस" असं तो म्हणतो ना? मला वाटतं, यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी ऑफिसातच ठरतात. गन हातात घेईपर्यंत मुलांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. काम एका दिवसात संपवायचं असं गिऱ्हाइकाला सांगितलं गेलं की शिडी लागते. परांचीचे पैसे कोटेशनमध्ये धरले नाहीत की परांची येत नाही. तळघर आहे हे फोनवर विचारलं नाही की तिथे पोचल्यावर, जे मशीन टेम्पोत आहे तेच आत उतरतं. आणि काम थांबलं तर त्या दिवसाची मजुरी जाणार असेल, तर टाचणीएवढ्या ठिपक्यासाठी कुठलाही मुलगा काम थांबवणार नाही. त्या मुलानं पट्टी लावून काम पुरं केलं ते धाडस म्हणून नाही, दुसरा रस्ताच त्याला दिसत नव्हता म्हणून. थांबायचं की नाही हे त्याच्यावर सोडणं हा अन्याय आहे. ते मालकानं आधीच ठरवायचं असतं : धार अंगाला लागली की ठिपका केवढा आहे ते न बघता काम बंद, रुग्णालय, त्या दिवसाची पूर्ण मजुरी आणि रुग्णालयाचा खर्च आमचा.

म्हणून दादाशी बोलताना एकदम वीस गोष्टी काढू नका. त्याला ते स्वतःवरचे आरोप वाटतील. चार मुलांसमोर तर मुळीच नको. घरी, शांतपणे, मुलाला डॉक्टरांना दाखवून झाल्यावर, ते काय म्हणाले ते आधी सांगा. मग तीन गोष्टी मागा : ट्रिगर बांधणं बंद, इंजिन छताखाली नेणं बंद आणि धार लागली की पगारी सुट्टी. पैशाचं काढलंच त्यानं, तर एका शस्त्रक्रियेचा, महिनाभर बसून राहिलेल्या मुलाचा आणि हातातून गेलेल्या कामांचा हिशेब मांडा. तो तुम्हीच लिहिता, तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला माहीत नाही. कामगारांचा विमा उतरवलेला आहे का, त्यात हे काम नावानिशी नोंदलेलं आहे का, तेही याच वेळी तपासा. घाबरून सांगताय असं त्याला वाटू देऊ नका. धंदा टिकावा म्हणून सांगताय हे त्याला कळू द्या, कारण तेही खरंच आहे.

तरीही ऐकलं नाही तर? तर तळघराच्या कामाची तारीख देऊ नका. तारखा तुमच्याकडे आहेत. ही माझी सूचना तुम्हाला जड जाईल हे कळतं, भावाशी वाकडं घेणं सोपं नसतं. पण चार घरची मुलं त्याच्या भरवशावर आत उतरणार आहेत.

उद्या सकाळी त्या गिऱ्हाइकाला फोन करा आणि विचारा : पार्किंगच्या बाहेर मशीन ठेवायला जागा कुठे आहे, तिथून सगळ्यात लांबचा कोपरा किती मीटरवर आहे, पाण्याचा नळ कुठे, विजेची लाइन किती अँपिअरची आणि तिला आरसीसीबी आहे का, हवा बाहेर काढणारे पंखे चालू स्थितीत आहेत का, त्या दिवशी गाड्या हलवून द्याल का आणि धुतलेलं रसायनाचं पाणी कुठल्या गटारात जातं. उत्तरं लिहून घ्या, त्यावरून पाइपाची लांबी आणि दिवस ठरवा, आणि मगच कोटेशन पाठवा. पुढच्या प्रत्येक कामाला हेच प्रश्न एका छापील कागदावर तयार ठेवा. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा.